लाल दादाची, पिवळी धाकटीची

वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला तेव्हा धाकटी एका नव्या चष्म्याच्या काचेवरचं स्टिकर नखानं सोडवत होती. चष्म्याच्या दुकानात सोळा वर्षं काढल्यावर हे काम तिच्या नखाला न बघता जमायचं.

"बाबांना शुक्रवारी घरी न्या," सिस्टर म्हणाली. "मोठे डॉक्टर आत्ताच बघून गेले. काठी घेऊन चालतायत, डाव्या हातानं जेवतायत आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसतायत. म्हणजे बरे झाले."

धाकटी स्टुलावर बसली. दोन महिन्यांपूर्वी ज्या माणसाच्या तोंडात नळी होती, तो आता खेकसत होता. दुकानाच्या मालकांना तिनं सांगितलं, त्यांनी लगेच चहा मागवला. चहा येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. मग पहिला घोट घेतला आणि तिला वडिलांच्या घरातली स्टिकरं आठवली. उरलेला चहा तिला गेला नाही. त्या दिवशी सोमवार होता.

वडिलांच्या घरात त्या वेळी जवळजवळ प्रत्येक वस्तूवर एक गोल स्टिकर होतं. लाल असेल ती वस्तू दादाची, पिवळं असेल ती धाकटीची.

झालं होतं असं. वडिलांना सगळी गल्ली बाइंडर म्हणायची. आयुष्यभर त्यांनी पुस्तकांची बांधणी केली होती. शाळांचे कोश, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, कुणाच्या आजोबांच्या फाटक्या वह्या. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते एकटे राहत होते आणि पुढच्या खोलीत थोडंफार काम करत होते. थंडी सरता सरता एका सकाळी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, मग छातीत संसर्ग झाला. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघा भावंडांना खाटेजवळच उभं राहून सांगितलं, "खोटी आशा दाखवत नाही. वाचले तरी एकटे राहू शकतील असं मनात धरू नका."

दादा लांबच्या शहरात राहायचा, चार दिवसांची रजा काढून आला होता. पुन्हा कधी येता येईल याची खात्री नव्हती. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "घर कधीतरी बंद करावं लागणारच आहे. मी इथे आहे तोवर काय कुणाचं ते ठरवून टाकू. नंतर फोनवर भांडण नको." त्याच्या ऑफिसात फायलींना लावायची गोल स्टिकरं असत, त्यांची दोन पाकिटं बॅगेत निघाली. ती त्यानं मुद्दाम आणली होती की बॅगेत आधीपासून होती, हे धाकटीनं विचारलं नाही. लाल त्यानं घेतली, पिवळी तिच्या हातात दिली.

सुरुवातीला दोघांनाही लाजल्यासारखं होत होतं. "तू घे," "नको, तूच घे," असं चाललं होतं. तासाभरानं ते थांबलं आणि दोघं वेगवेगळ्या खोल्यांतून फिरू लागले. आईच्या शिवणयंत्राशी पुन्हा गाठ पडली. धाकटीनं त्याला आधीच पिवळं लावलं होतं. दादानं काही न बोलता त्याच्यावरच लाल लावलं. त्यावरून जे झालं ते भांडण म्हणावं इतकं मोठं नव्हतं, पण दादा जाताना तिनं नेहमीसारखं "पोचल्यावर कळव" म्हटलं नाही, आणि त्यानंही पोचल्यावर कळवलं नाही.

नंतर बाइंडरांनी सगळ्यांचे अंदाज चुकवले. नळी निघाली. बोटं हलली. जीभ सैल झाली आणि पहिलं वाक्य आलं ते जेवणाला चव नसल्याचं.

सोमवारी संध्याकाळी दुकान सुटल्यावर धाकटी थेट वडिलांच्या घरी गेली. तिला वाटलं होतं, काय तासाभराचं काम. रोज शंभर स्टिकरं काढणारी मी. पण दुकानातली स्टिकरं निघण्यासाठीच बनवलेली असतात. ही तशी नव्हती. सात आठवडे घर बंद होतं, उन्हाळा लागला होता, पश्चिमेच्या खिडकीतून रोज दुपारी ऊन आत येत होतं. कागद वाळून कडक झाला होता आणि खालचा डिंक वस्तूच्या अंगात मुरला होता. नख घातलं की वरचा रंगीत पापुद्रा निघायचा, आणि खाली पांढरा, केसाळ, चिकट गोल तसाच राहायचा.

पहिल्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघर घेतलं. स्टीलचे डबे गरम पाण्यात बुडवून ठेवले, ते सोपे गेले. काचेच्या बरण्यांना ब्लेड आडवं धरून चालवलं. प्लास्टिकच्या टोपल्यांवर तेल चोळून ठेवलं आणि अर्ध्या तासानं साबणानं घासलं. आठ वाजता तिनं मोजदाद केली तर बावीस झाली होती. घरात अजून शंभरावर होती.

मंगळवारी तिनं घरून केस वाळवायचं यंत्र आणलं. नवऱ्यानं विचारलं, "मी येऊ का मदतीला?" ती नको म्हणाली. एकटीला दमायला होणार होतं, पण ती घरभर लावलेली स्टिकरं त्यानं बघू नयेत असं तिला वाटत होतं. लोखंडी कपाटाच्या दारावर तिनं गरम हवेचा झोत धरला आणि कागदाची कड हलकेच उचलली. तेवढ्यात खिडकीत समोरच्या मावशी येऊन उभ्या राहिल्या. गल्लीत त्यांना चौकशी खिडकी म्हणत. त्यांच्या तोंडावर म्हणत आणि त्यांना ते आवडतही असे.

"घरात कोणी नाही आणि तू कपाटाचे केस वाळवतेस?" मावशी म्हणाल्या.

"साफसफाई करतेय, मावशी. बाबा शुक्रवारी येतायत."

"कळलं मला. सिस्टरची बहीण माझ्या सुनेच्या ऑफिसात आहे." मावशींनी गजातून आत नजर फिरवली. "त्या लाल-पिवळ्या टिकल्या काढतेयस होय. मी बघितलं होतं लावताना. मला वाटलं, रंग द्यायचे म्हणून खुणा करताय."

"तसंच काहीतरी," धाकटी म्हणाली.

मावशींनी पुढे खोदून विचारलं नाही. त्यांच्या बाबतीत ती मोठीच गोष्ट होती. "तेल लाव," त्या म्हणाल्या, "आणि घासू नकोस फार. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही खडूनं खुणा केल्या होत्या. खडू बरा. पुसला की गेला." आणि त्या खिडकीतून बाजूला झाल्या.

बुधवारी तिनं दुकानातून काचा पुसायचं स्पिरिट एका बाटलीत घेतलं. जेवणाच्या टेबलावर दादाचं लाल स्टिकर होतं, ऐन मध्यात. कागद निघाला, डिंक उरला. तिनं बोळा स्पिरिटात बुडवला आणि घासला. डिंक झटक्यात गेला. तिला हायसं वाटलं. ओल वाळली तशी त्या जागी पांढरीफट्ट गोल खूण उमटली, मघाच्या स्टिकरपेक्षा मोठी. टेबलाचं पॉलिशच उडालं होतं. आता ते कुणालाही दिसलं असतं, दारातूनसुद्धा. तिनं त्यावर टेबलक्लॉथ टाकला.

घाबरून ती शिवणयंत्राकडे वळली. तिथे ना स्पिरिट, ना तेल, फक्त गरम हवा आणि धीर, असं तिनं ठरवलं. यंत्राच्या काळ्या अंगावर सोनेरी वेल होती, आणि दोन्ही स्टिकरं नेमकी वेलीवर. लाल निघालं. त्याखालचं पिवळं, तिचं स्वतःचं, ते काही सुटेना. कड उचलली, थोडं ओढलं, आणखी थोडं ओढलं. एकदम सुटलं. उलटं करून बघितलं तर स्टिकरच्या पाठीला एक सोनेरी फूल चिकटून आलं होतं, पाकळ्यांसकट, आणि यंत्रावर त्या जागी नुसतं काळं.

ती ते फूल बोटावर घेऊन बराच वेळ बसली. आईला वेलीचं कौतुक होतं. रोज काम संपलं की ती कोरड्या फडक्यानं वेल पुसायची.

तिनं दादाला फोन लावला. त्यानं उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "तू आणलीस स्टिकरं आणि काढत मी बसलेय तीन दिवस."

"मग लावून कशाला घेतलीस? मी तुझा हात धरला होता का?" तोही तयारच होता.

"मशीनवर दोन लावली होती. माझ्या स्टिकरवर तू तुझं लावलंस. फूल उडालं वेलीचं."

"वर माझं होतं. खालच्यानं उडालं असेल."

हे खरंच होतं आणि म्हणून तिला जास्तच झोंबलं. "टेबलाचंही वाटोळं झालंय. ते तुझ्या लालनं."

"अगं, राहिली दोनचार तर राहू देत. सांगू त्यांना, सफाईवाल्यांनी लावली."

"कुठले सफाईवाले आईच्या फोटोच्या चौकटीमागे पिवळं स्टिकर लावतात?"

ते चौकटीमागचं पिवळं तिचंच होतं, आणि दादाला ते माहीत नव्हतं. तिनं वाटणीच्या दिवशीच गुपचूप लावलं होतं. दादाच्या हे लक्षात आलं असावं, पण तो त्यावरून बोलला नाही. हळू आवाजात म्हणाला, "मला खरंच वाटलं होतं गं, ते येत नाहीत परत."

"मलाही," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती घरभर फिरली, काय राहिलंय ते बघायला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की काही वस्तूंना कधीच स्टिकर लागलं नव्हतं. बाबांची खाट. त्यांची बैठकीची खुर्ची, जिची एक पट्टी दोरीनं बांधलेली होती. पाणी प्यायचं पितळी भांडं. आणि पुढच्या खोलीतलं त्यांचं सगळं कामाचं सामान: पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, सुया, दाभण, खळीची कढई. दोघांनाही नको होतं ते सगळं. ठरवून नव्हे. दोघंही त्यावरून नुसतेच पुढे गेले होते. म्हणजे रोज ज्याला बाबांचा हात लागायचा, नेमकं तेच टाकून द्यायचं ठरलं होतं. तिनं खुर्चीच्या त्या बांधलेल्या पट्टीवरून हात फिरवला आणि मग उठून उरलेली स्टिकरं काढायला घेतली.

गुरुवारी रात्र पडायच्या आत सगळे कागद निघाले. डिंकाचे डाग मात्र बऱ्याच ठिकाणी राहिले. डोळ्यांना दिसत नव्हते, एवढंच.

शुक्रवारी दुपारी बाबा घरी आले. दारात काठी टेकून ते क्षणभर उभे राहिले आणि नाकानं हवा ओढली.

"तेलाचा वास येतोय," ते म्हणाले. उजवा ओठ अजून ओढलेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"बिजागऱ्यांना घातलं. करकरत होत्या."

"बिजागऱ्यांना गोडेतेल?" त्यांनी तिच्याकडे बघितलं, पण तेवढ्यावर सोडून दिलं.

उजवा हात अजून गळ्यातल्या पट्टीत होता. डाव्या हातानं आधार घेत ते घरभर हिंडले. दाराची चौकट, कपाट, पुस्तकांची मांडणी, खिडकीचा कट्टा. धाकटी मागोमाग होती. कपाटाच्या दारावर त्यांची बोटं थांबली, किंचित मागेपुढे झाली आणि पुढे सरकली. मांडणीपाशी पुन्हा तसंच. पन्नास वर्षं कागदाच्या कडा आणि कातड्याची जाडी नुसत्या बोटांनी ओळखलेला माणूस तो. मग ते खुर्चीत बसले, चहा मागितला आणि दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली.

शनिवार, रविवार, सोमवार असेच गेले. ती सकाळी दुकानाआधी यायची, दुपारी डबा घेऊन यायची, संध्याकाळी व्यायाम करून घ्यायला यायची. बाबा कमी बोलत होते. आजारपणानं थकलेत, असं ती स्वतःला सांगत होती.

मंगळवारी दुपारी ती आली तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. टेबलक्लॉथ घडी करून बाजूला ठेवलेला होता. पांढऱ्या खुणेवर त्यांनी डावा तळवा पालथा ठेवला होता.

"बस," ते म्हणाले. "हे स्पिरिटनं केलंस?"

"हो."

"लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटातच लाख विरघळवून मी लावलं होतं. ज्यात विरघळतं त्यानंच पुसलंस. रोगापेक्षा औषध भारी." त्यांनी हात उचलला. "काय लावलं होतं? गोल होतं, एवढं कळलं. रुपयाएवढं."

ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली.

"रंग किती होते?"

"दोन," ती म्हणाली. "लाल दादाची. पिवळी माझी." आणि मग तिनं सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले इथपासून वेलीच्या फुलापर्यंत. स्वतःची बाजू घ्यायची नाही असं ठरवूनही मध्ये एकदा ती म्हणालीच, "आम्हाला तुम्ही येणार नाही असं वाटलं."

"ऐकलंय मी. डॉक्टर माझ्या उशाशीच बोलत होते. माझ्या तोंडात नळी होती, कानात नव्हती."

ती रडू लागली. त्यांनी तिला रडू दिलं.

"चार दिवस मी हात लावून बघतोय," नंतर ते म्हणाले. "आधी बघितलं, चिकट कुठे कुठे लागतं. मग बघितलं, कुठे लागत नाही. माझी खुर्ची अगदी स्वच्छ आहे. शिकंजाही."

"बाबा."

"राग आला. खोटं कशाला सांगू. शनिवारी आला, रविवारी फारच आला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. काल जरा कमी झाला." त्यांनी डबा स्वतःकडे ओढला. "दादाला म्हणावं, रविवारी ये. मला बोलायचंय दोघांशी. आणि स्पिरिट आणू नको म्हणावं."

दादा शनिवारीच संध्याकाळी आला. येताना त्यानं डिंक घालवायचा एक महागडा स्प्रे आणला होता, त्यावर हसऱ्या बाईचं चित्र. बाबांच्या पायाशी बसून तो स्टिकरांबद्दल बोलायला लागला. बाबांनी त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि ते म्हणाले, "टक्कल वाढलंय तुझं."

रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिघं टेबलाशी बसले.

"दवाखान्यात मी दोन महिने छत बघत होतो," बाबांनी सुरुवात केली. "डॉक्टरांचं ऐकून मलाही पटलं, आता काही खरं नाही. मग पडल्या पडल्या मीही वाटणी केली. मनातल्या मनात. माझ्याकडे स्टिकरं नव्हती."

दादानं मान खाली घातली.

"तुझ्या आईचं मशीन मी तुला दिलं होतं," ते दादाला म्हणाले.

धाकटीनं चमकून बघितलं.

"तुला माहीत नाही," बाबा तिला म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे. हा तीन वर्षांचा होता, सारखा आजारी. ताप आला की झोपायचा नाही. आई मशीन चालवायला बसली की आवाजानं झोपायचा. कापड नसलं तरी ती रिकामं चालवत बसायची, तासन् तास. पाय सुजायचे तिचे."

दादाला ते नीटसं आठवत नव्हतं. तो म्हणाला, "मला फक्त ते हवं होतं. का हवं होतं ते कळत नव्हतं. म्हणून तुझ्या स्टिकरवर लावलं."

"मला म्हणाला असतास तर," धाकटी म्हणाली.

"काय म्हणणार? आवाज आवडतो म्हणून?"

धाकटीनं पाकिटातून कागदाची घडी काढली. आत पिवळं स्टिकर होतं, पाठीला फूल. बाबांनी ते उजेडात धरलं. "गेलं ते गेलं. तसंही तुझ्या आईनंच कोपर टेकवून टेकवून डावीकडची दोन फुलं घासून घालवली होती. नीट बघ कधी. तिची दोन, तुझं एक."

"आणि मला काय दिलं होतं?" तिनं विचारलं. विचारल्यावर तिला लाज वाटली, पण प्रश्न बाहेर पडून गेला होता.

"हे टेबल. ह्या टोकाला मी कागद कापायचो, त्या टोकाला तू अभ्यास करायचीस. माझी सुरी घेऊन पेन्सिलीला टोक काढायचीस. खालून हात लाव. तिथे तू पाढे कोरलेत, सातापर्यंत. आठाच्या पाढ्याला मी पकडलं."

दादा हसला आणि धाकटीही हसली. ह्या टेबलाला तिनं पिवळं लावलं नव्हतं. फार जागा अडवेल, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

"आणि शिकंजा?" दादानं जपून विचारलं. "आम्ही त्याला..."

"तुम्हाला देऊन काय करू? त्यात कपड्यांना इस्त्री करणार? तो मी तुमच्यातल्या कुणालाच दिला नव्हता. वाचनालयातल्या बाईंना दिला होता. त्या पुस्तकं शिवायला शिकतायत माझ्याकडे, वर्ष झालं. टाके वाकडे घालतात, पण घालतात." त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "मला वाईट वाटलं ते वाटणीचं नाही. वाटणी मीही केलीच. तुम्ही मला विचारलं नाहीत, हेही नाही. माझं तोंडच बंद होतं. पण तुम्ही एकमेकांनासुद्धा विचारलं नाहीत. शेजारच्या खोलीत होता आणि नुसती चिकटवत होता."

बाहेर मावशी कुणाला तरी गॅसच्या गाडीबद्दल विचारत होत्या.

"चला," बाबा म्हणाले, "माझ्या घराला सगळीकडे हात चिकटतो. आधी ते काढा. तो फवारा राहू दे बाजूला."

त्यांनी धाकटीला कपाटावरच्या डिंकावर अंगठा चोळायला लावलं, हलका, एकाच दिशेनं. डिंकाची बारीक सुरळी झाली. ती सुरळी गोळी करून त्यांनी पुढच्या डागावर टेकवायला सांगितली. टेकवायची आणि उचलायची, टेकवायची आणि उचलायची. डागातला डिंक गोळीला चिकटून येऊ लागला आणि गोळी वाढत गेली.

"काट्यानं काटा काढायचा," बाबा म्हणाले. "घासायचं नाही. घासलं की पसरतं."

"हे आधी सांगायचं होतंत, चार दिवस वाचले असते," धाकटी म्हणाली.

"तू विचारलं कुठे? आणि तसंही, काय म्हणून विचारलं असतंस?"

हे मात्र खरं होतं, आणि तिला हसू आलं. दादा मांडणीपाशी बसून घामाघूम झाला होता. त्याची गोळी बोराएवढी झाली होती, धाकटीची त्याहून थोडी लहान. त्यानं ती शेजारी धरून दाखवली, लहानपणी दाखवायचा तशी.

"चिकटपणा आपल्या घराण्यातच आहे," बाबा खुर्चीतून म्हणाले. "मी नाही का, डॉक्टरांनी सोडवलं तरी सुटलो नाही."

बांधणीच्या कामात ते नेहमी पिठाची खळच वापरायचे, ओल दिली की सुटणारी. नवे डिंक आले, झटपट वाळणारे, तरी त्यांनी घेतले नाहीत. कारण विचारलं की म्हणायचे, आज मी बांधलेलं पुस्तक पन्नास वर्षांनी कुणीतरी दुरुस्तीला उघडणार, त्याला ते न फाडता उघडता आलं पाहिजे. धाकटीनं हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की तिनं ऐकणंच सोडून दिलं होतं. त्या सकाळी ते बोललेही नाहीत, पण कपाटाशी बसल्या बसल्या तिला ते आठवलं, त्यांच्याच आवाजात.

दुपारी बाबांनी दादाकडून टेबल दुरुस्त करून घेतलं. कपड्याची पुरचुंडी, आत कापूस, थोडी लाख, थोडं स्पिरिट. दादाच्या हाताला कधी असलं काम लागलं नव्हतं. "न थांबता फिरव. थांबलास की चिकटेल. विमानासारखा उतर आणि उड," बाबा सांगत होते. चार वेळा जमलं नाही, पाचव्यांदा थोडं जमलं. खूण पूर्ण गेली नाही, नीट बघितलं तर दिसायची. पण आता तिच्यावर क्लॉथ टाकावा असं कुणाला वाटलं नाही.

बाबा त्यानंतर चौदा महिने त्याच घरात राहिले. एकटेच, पण रोज कुणी ना कुणी येऊन जाई, आणि मावशींच्या खिडकीतून तर त्यांची सुटका नव्हतीच. उजवा हात पूर्ण आला नाही. वाचनालयातल्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, ते खुर्चीतून सांगायचे आणि त्या शिवायच्या. एके दिवशी त्यांनी टेम्पो बोलावून शिकंजा बाईंच्या वाचनालयात पाठवून दिला. पुढच्या महिन्यात टेबल धाकटीकडे. "मग तुम्ही जेवणार कशावर?" तिनं विचारलं, तर म्हणाले, "एका माणसाला एवढं टेबल म्हणजे मैदान आहे." मशीन न्यायला दादा स्वतः गाडी करून आला. मागच्या सीटवर त्यानं ते गादीत गुंडाळून ठेवलं आणि पोचल्यावर धाकटीला कळवलं.

असं एकेक करून घर रिकामं होत गेलं. प्रत्येक वस्तू देताना बाबा तिची गोष्ट सांगत, कधी खरी, कधी थोडी वाढवून. फुलदाणी मावशींना मिळाली; ती का दिली, ते ना बाबांनी ना मावशींनी कुणाला सांगितलं.

ते गेले ते झोपेतच, एका पहाटे. दोघं भावंडं घर आवरायला बसली तेव्हा खाट, खुर्ची, दोन पातेली आणि कपडे, एवढंच उरलं होतं. दुपारच्या आत काम आटोपलं. मावशींनी चहा आणून दिला, तो त्यांनी पायरीवर बसून घेतला. खुर्ची कुणी न्यायची यावर दोघांचं बोलणं झालं, बराच वेळ झालं, आणि ती दादाकडे जाणार असं ठरलं. दादाचं दुपारच्या गाडीचं तिकीट होतं. तो गेला नाही. धाकटीच्या घरी राहिला, तिचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, आणि एक दिवस म्हणून राहिलेला तीन दिवसांनी परत गेला.